आम्हांस गृहीत धरू नये

'इन' आणि 'आऊट' हे दोन इंग्रजी शब्द आपल्या लहानपणापासूनच्या ओळखीचे. 'आऊट' आपण गल्लीतल्या क्रिकेटमुळे शिकतो आणि 'इन' शाळेतल्या शर्टामुळे. त्यामुळे 'ऑप्ट-इन' आणि 'ऑप्ट-आऊट' ही जोडगोळी समोर येऊन उभी राहिली, तेव्हा मराठी मध्यमवर्गाने तिची फारशी चौकशी केली नाही. एकात आत जायचं, दुसऱ्यात बाहेर पडायचं. दार एकच, पाटी तेवढी दोन्ही बाजूंनी रंगवलेली, अशी समजूत करून घेऊन आपण कामाला लागलो.

ही समजूत साफ चूक आहे, आणि तिच्याशी माझं भांडण आहे.

'ऑप्ट' म्हणजे निवडणे. हा शब्द मूळचा लॅटिन, पण त्याला दोष देण्याचं कारण नाही. दोन्ही पद्धतींत निवडीचं स्वातंत्र्य असतं, असं कोणीही शपथेवर सांगेल आणि ते खरंही आहे. जो माणूस नीट वाचतो, विचार करतो आणि खूण करतो, त्याला दोन्हीकडे सारखाच न्याय मिळतो. फरक पडतो तो काहीच न करणाऱ्या माणसाला. 'ऑप्ट-इन'मध्ये गप्प बसलेल्या माणसाचं उत्तर 'नाही' असं धरतात. 'ऑप्ट-आऊट'मध्ये त्याच गप्प माणसाचं उत्तर 'हो' असं धरतात. माणूस तोच, त्याचं गप्प बसणंही तेच. पण एकीकडे तो घरी सुखरूप पोचतो आणि दुसरीकडे तो कशाचा तरी सभासद होऊन पोचतो. आणि आपण बहुतेक जण बहुतेक वेळा गप्पच असतो. तेव्हा हा प्रश्न इंग्रजी व्याकरणाचा नाही, खिशाचा आहे.

आपल्याकडे या दोन शब्दांचं शिक्षण लग्नाच्या मांडवात फुकट मिळत असे. जुनी पंगत म्हणजे शुद्ध 'ऑप्ट-आऊट'. वाढपी जिलबीचं ताट घेऊन निघाला की पानावर जागा दिसेल तिथे जिलबी पडणार. नको असेल तर ते तुम्ही सांगायचं. नुसतं 'नको' म्हणून भागत नाही, कारण पंगतीत 'नको'चा अर्थ 'दोनच वाढा' असा आहे. पानावर दोन्ही हात आडवे धरावे लागतात, आणि तरबेज वाढपी बोटांच्या फटीतूनही एक जिलबी खाली पोचवतो. याउलट बुफे म्हणजे 'ऑप्ट-इन'. बशी घ्या, रांगेत उभे राहा, हवं ते घ्या. न घेतल्यास कोणी विचारत नाही. किंबहुना तुम्ही जेवलात की नाही हेही कोणी विचारत नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे तुमच्या मते पंगत वाईट? मुळीच नाही. पंगतीतल्या आग्रहात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे जिलबीचं बिल यजमानाकडे जातं. उद्या वाढप्याने पडेल त्या जिलबीला दहा रुपये लावले, आणि हात आडवा धरला नाही म्हणून दरवर्षी एक जून रोजी आणखी एक जिलबी घरपोच धाडून तिचेही दहा रुपये खात्यातून वळते केले, तर 'आग्रह' हा शब्द भारतीय न्याय संहितेत कुठे बसतो ते बघावं लागेल.

हा उद्योग संगणकाने शोधला, असं नव्या पिढीला वाटतं. तसं नाही. अमेरिकेत १९२६ साली 'बुक ऑफ द मंथ क्लब' निघाला. अशा क्लबांची रीत अशी, की महिन्याच्या पुस्तकाची सूचना आधी येणार, आणि नको असल्यास सभासदाने तसं कळवायचं. कळवलं नाही तर पुस्तक घरी आणि पाठोपाठ बिल. सूचनापत्र टेबलावरच्या पसाऱ्यात राहून गेलं म्हणून किती अमेरिकन घरांत न मागितलेले ग्रंथ आले असतील, याची कल्पना करावी. शेवटी १९७३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने नियमच केला, की अशा योजनेच्या अटी स्पष्ट सांगा आणि नकार कळवायला माणसाला पुरेसे दिवस द्या. म्हणजे ही तक्रार माझ्या वयाहूनही जुनी आहे.

गप्प बसण्याचा अर्थ एका रात्रीत कसा उलटतो, याचं उदाहरण प्रत्येक पगारदाराने भोगलेलं आहे. २०२०-२१ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकराची नवी पद्धत आली. दर कमी, पण बऱ्याचशा सवलती रद्द. त्या वेळी नियम असा होता, की नवी हवी असेल त्याने तसं सांगावं. न सांगणारा जुन्या पद्धतीत. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी काहीच सांगितलं नाही. पीपीएफ, विम्याचे हप्ते, घराचं कर्ज, सगळं जिथल्या तिथे राहिलं. मग २०२३-२४ पासून नियम फिरला. आता नवी पद्धत हीच मूळ, आणि जुनी हवी असेल त्याने तसं सांगायचं. गृहस्थांनी तेव्हाही काहीच सांगितलं नाही. त्यांच्या स्वभावात काडीचा फरक पडला नव्हता. फरक त्यांच्या मौनाच्या अर्थात पडला होता. पगारातून कर जास्त कापला गेला, तेव्हा ते म्हणाले, "अहो, पण मी काही केलंच नाही!" नेमकी तीच तर गंमत आहे. 'ऑप्ट-आऊट'च्या राज्यात काही न करणं हीच कृती असते.

बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसून माझी बरीच वर्षं गेली. एवढ्या काळात मी एक गोष्ट शिकलो: माणूस सही करायला आलेला असतो, वाचायला नव्हे. "इथे सही करा, इथे करा आणि मागच्या बाजूला" हे वाक्य ऐकून पान उलटून वाचत बसलेला खातेदार मी क्वचितच पाहिला असेल. आणि तसा एखादा निघालाच तर मागची रांग त्याला वाचू देत नाही. फॉर्म तयार करणाराला हे सगळं ठाऊक असतं. म्हणून तर बारीक अक्षरातली चौकट आधीच खूण मारून छापलेली असते.

आमच्या कॉलनीत चार घरी पोळ्या करणाऱ्या एक बाई आहेत. वय सेहेचाळीस. मी बँकेत असतो एवढ्या भांडवलावर एकदा त्यांनी त्यांचं पासबुक आणून माझ्यापुढे धरलं. खातं दुसऱ्या एका बँकेतलं. तिचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ते कुठलंही असू शकतं.

"साहेब, हे चारशे छत्तीस कशाचे गेले? मी तर काढले नाहीत."

मी नोंद पाहिली. पासबुकात सात-आठ रोमन अक्षरं एकापुढे एक छापली होती. एखाद्या रशियन बुद्धिबळपटूचं नाव वाटावं अशी. माझ्या धंद्यातली भाषा असल्याने मला ती लागली. जीवनज्योती विमा योजना. २०१५ साली सुरू झाली तेव्हा हप्ता वर्षाला ३३० रुपये होता, जून २०२२ पासून ४३६ झाला. कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर वारसाला दोन लाख.

"ताई, तुमचा विमा उतरवलाय."

"कुणी?"

या एका शब्दाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही कुठे सही केली होती का?"

"खातं काढताना केल्या होत्या ना. चार-पाच. तो म्हणाला, इथे करा, इथे करा."

आता इथे माझ्यासारख्या बँकवाल्यानं खरं ते सांगितलं पाहिजे. योजना वाईट नाही. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचं छत्र या बाईंना बाजारात दुसरीकडे कुठे मिळायचं नाही. योजनेच्या नियमातही खातेदाराची संमती लागते असं स्वच्छ लिहिलं आहे. आमच्या शाखेतल्या तरुण अधिकाऱ्याला मी हा किस्सा सांगितला तेव्हा तो म्हणाला, "पण सर, त्यांचं भलंच झालं ना? विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या."

वरवर हे बिनतोड वाटतं. पण मी त्याला विचारलं, "समजा त्या बाई उद्या गेल्या. दोन लाख मागायला बँकेत येणार कोण?" वारसाने बँकेत यायचं, अर्ज भरायचा, मृत्यूचा दाखला द्यायचा, मग पैसे. पण विमा आहे हे बाईंनाच माहीत नाही, तर त्यांच्या मुलाला कुठून कळणार? तो आईचं पासबुक कपाटात ठेवून देईल. म्हणजे हप्ता वेळच्या वेळी जात राहणार, आणि ज्या दिवसासाठी तो भरला त्या दिवशी तो मागायला कोणी नसणार. न विचारता केलेलं भलं हे असं असतं. ते वहीत होतं, घरी पोचत नाही. विचारण्यात जी दोन मिनिटं वाचवली, त्यांची किंमत दोन लाख रुपये आहे आणि ती त्या मुलाने भरायची आहे.

अधिकारी काही बोलला नाही. त्याच्या मौनाचा अर्थ मी काहीही धरला नाही.

'ऑप्ट-आऊट'वाल्यांचा दुसरा लाडका मुद्दा म्हणजे "नको असेल तर बाहेर पडा की! दार उघडंच आहे." दार उघडं असतं, हे कबूल. फक्त ते दिसत नाही. आत जायला एक बोट पुरतं. बाहेर पडायला अर्ज, ओळखपत्राची प्रत, कारण, आणि "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे वाक्य वाद्यसंगीतासह अकरा वेळा. मोबाइलवर धंद्याचे फोन यायला लागले तेव्हा आपल्याला कोणी विचारलं होतं, की बाबा, तुला दुपारी दीड वाजता झोपेतून उठवून कर्ज देऊ का? नाही. फोन सुरू झाले, आणि २००७ साली, ज्यांना ते नको असतील त्यांनी नाव नोंदवावं अशी सोय झाली. म्हणजे मला त्रास देऊ नका, असा अर्ज मीच करायचा. उद्या चोरी नको असणाऱ्यांची यादी पोलीस चौकीत ठेवतील आणि वर म्हणतील, तुमचं नाव यादीत नव्हतं.

बाहेरच्या दारावर हल्ली बोलणारी पाटीही असते. नकाराच्या बटणावर नुसतं 'नको' लिहीत नाहीत, 'नको, मला बचत करायची नाही' असं लिहितात. माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःला मूर्ख ठरवून बाहेर पडावं, अशी व्यवस्था. ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये असल्या तेरा युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. त्यात विमानाच्या तिकिटाबरोबर विमा न घेणाऱ्याकडून 'मी असुरक्षितच राहीन' असं वदवून घेण्याचं उदाहरण दिलेलं आहे. न मागितलेली वस्तू बिलात सरकवणं हीही त्या यादीत आहे. आमच्याकडच्या गणपतीच्या वर्गणीची पावती आधीच पाचशे एक रुपयांची फाडून आणतात, तिचा समावेश मात्र दिसला नाही.

आता प्रतिपक्षाचा सगळ्यात वजनदार मुद्दा. तो टाळला तर हे भांडण भांडण राहणार नाही, नुसती कुरकुर होईल. अवयवदानाचं काय? २००३ मध्ये एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या दोघांनी 'सायन्स' नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यात जर्मनी आणि ऑस्ट्रिया हे शेजारी होते. जर्मनीत अवयव द्यायचे असतील तर कळवायचं. संमती १२ टक्के. ऑस्ट्रियात द्यायचे नसतील तर कळवायचं, संमती ९९.९८ टक्के. आता सीमेच्या अलीकडे सगळे कर्ण आणि पलीकडे सगळे कवडीचुंबक, असं काही नसणार. दोन्हीकडे लोक गप्प होते, एवढंच. मग या 'ऑप्ट-आऊट'ने जीव वाचत असतील तर तुम्ही आडवे का पडता?

मी आडवा पडत नाही. पण स्पेनकडे बघा म्हणतो. मौनाला संमती मानणारा कायदा तिथे १९७९ पासून आहे आणि अवयवदानात तो देश जगात पुढे गणला जातो. पण स्पेनमधले डॉक्टर कायद्यावर बोट ठेवून शस्त्रक्रियेला लागत नाहीत. ते नातेवाइकांजवळ बसतात आणि विचारतात. १९८९ साली त्यांनी त्यासाठी राष्ट्रीय संस्था उभारली आणि रुग्णालयारुग्णालयांत हे काम करणारी माणसं नेमली. म्हणजे ज्या देशाचं उदाहरण देऊन विचारू नका म्हणतात, तो देश विचारतो! आपल्याकडे १९९४ चा कायदा आहे आणि तो विचारण्याचाच आहे. कमी पडत असेल तर ते विचारणं कमी पडत असेल.

ब्रिटनने २०१२ पासून नोकरदारांना आपोआप पेन्शन योजनेत घालायला सुरुवात केली. हे 'ऑप्ट-आऊट'च, पण त्यात सभ्यपणा आहे. तुम्हाला घातलंय, असं लेखी कळवावं लागतं. मालकालाही पैसे घालावे लागतात. महिन्याभरात बाहेर पडलात तर कापलेली रक्कम परत. याला माझी काही हरकत नाही. यजमानाच्या खर्चाने वाढलेली ही जिलबी आहे.

आता आपल्या शेतकऱ्याचं बघा. पीक विमा कर्जदार शेतकऱ्याला सक्तीचा होता, तो २०२० च्या खरिपापासून ऐच्छिक झाला. मथळा वाचून बरं वाटलं. आत असं, की ज्या कर्जदाराला विमा नको, त्याने शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी बँकेत तसं लिहून द्यायचं. म्हणजे पेरणीच्या गडबडीत, तिफण शेतात उभी करून, एस. टी. पकडून तालुक्याला यायचं आणि 'माझी इच्छा नाही' अशी इच्छा व्यक्त करायची. विमा असावा की नसावा हा वेगळा वाद आहे. पण याला 'ऐच्छिक' म्हणायचं असेल तर शब्दकोशात इच्छेचा अर्थ बदलून घ्या.

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. ज्याच्या गप्प बसण्याने दुसऱ्याला पैसा मिळतो, त्याला तोंडाने विचारा. आणि विचारायची खरोखरच सोय नसेल, काम त्याच्याच हिताचं असेल, तर आधी कळवा आणि बाहेरचं दार आतल्या दाराएवढंच रुंद ठेवा. हे अशक्य आहे असं मला सांगू नका. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं, की नवं कार्ड देताना ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानात चालावं. इंटरनेटवर किंवा परदेशात वापरायचं असेल तर खातेदार स्वतः चालू करील. आभाळ कोसळलं नाही. न मागता क्रेडिट कार्ड गळ्यात मारून त्याचं बिल लावलं, तर ते रद्द करून वर दुप्पट दंड द्यायचा, असाही नियम आहे. २०२३ मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात तर लिहून ठेवलंय, की संमती ही स्पष्ट कृतीतूनच दिसली पाहिजे आणि ती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं. म्हणजे कागदावर आपण सुधारलो आहोत.

कागदाबाहेर मात्र 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपल्या रक्तात आहे. सोसायटीच्या सूचनाफलकावर 'आठ दिवसांत हरकत न आल्यास संमती समजण्यात येईल' हे वाक्य वाचल्याशिवाय आपला आठवडा जात नाही. 'मुलगी काही बोलली नाही, म्हणजे पसंत आहे' या एका वाक्यावर किती मांडव पडले याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. आणि घरोघरी रात्री शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या पानात सकाळची पोळी असते, कारण तिला ती चालते. चालते हे कोणी ठरवलं? तिने कधी 'नको' म्हटलं नाही, म्हणून ठरलं. त्या फॉर्मवरची चौकट कोणी छापली, खूण कोणी मारली, आणि बाहेर पडायचा अर्ज कुठे मिळतो, हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

बँकांना, कंपन्यांना आणि सरकारला जाब विचारायचाच आहे, आणि तो विचारणाऱ्यांत मी असेन. पण दरम्यान आज रात्री पोळ्यांचा डबा उघडल्यावर घरातल्या माणसाला एकदा विचारून बघा, "तुला कुठली हवी?" उत्तर यायला थोडा वेळ लागेल. सवय नाही. थांबा तेवढं.